घरून आलेल्या पट्ट्या

मालवण
७ जुलै २०२५

आदरणीय पिएदाद बाई,
सादर नमस्कार.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी बालवाडीच्या गळक्या कौलांबद्दल विचारलं आणि तुम्ही मला तिसऱ्यांचं सुकं कसं करायचं ते सांगितलंत! नेल्सनदादा म्हणतात तेच खरं, आईला आता कानापेक्षा कागद बरा. शिवाय या पत्रासोबत दोन वस्तू पाठवायच्या आहेत, त्या फोनमधून गेल्या नसत्या.

तुमच्या जागेवर मला येऊन वर्ष झालं. यंदा मुलांना आकृतिबंध शिकवायला घेतले आहेत. लहान गट नुसता कागद फाडून चिकटवतो, मोठ्या गटाच्या हातात बोथट टोकांच्या कात्र्या दिल्या आहेत. घोटीव कागदाचे चौकोन कापायचे आणि लांब पट्टीवर खळीने चिकटवायचे. लाल, हिरवा, लाल, हिरवा, आणि पुढे काय येणार ते सगळ्यांनी ओरडून सांगायचं. कागदाचा गठ्ठा जुना आहे, ओल लागून लाल विटकरी झालाय आणि हिरवा शेवाळी. पण पोरांना त्याचं काही नाही. तोंडाला, केसांना, बाकांना खळ. पट्ट्या वाळत नाहीत म्हणून पंख्याखाली दोरीवर टांगते.

आठवड्यातून एकदा कापलेले तुकडे आणि कोरी पट्टी घरी देते. आईबापांनी मुलांशेजारी बसावं, एवढाच हेतू.

मोठ्या गटात रिया आहे. तिचा बाप सहदेव, बोटीवरचा. आई सीता कट्टा गावच्या बाजारात मासे विकते. रिया वर्गात एकदाही चुकत नाही. दुसऱ्याची पट्टी चुकली तर बोट ठेवून दाखवते. पण तिची घरून आलेली पट्टी बघा, सोबत दोन्ही आठवड्यांच्या पाठवते आहे. लाल, लाल, हिरवा, लाल, हिरवा, हिरवा. कसला ताल नाही की तोल नाही. तुकडे मात्र सरळ रेषेत, एकालाही सुरकुती नाही. हा मुलीचा हात नव्हे.

घरात कोण हे बिघडवतं? आणि का? मुलीच्या अभ्यासाची कोण अशी थट्टा करील? तुम्ही या वाडीतली घरं ओळखता, म्हणून विचारते.

आपली,
उर्वशी


कुडाळ
१२ जुलै

प्रिय उर्वशी,
अनेक आशीर्वाद.

तिसऱ्यांचं सुकं तुला येत नाही हे खरंच आहे, तेव्हा माझं काही चुकलं नाही.

पट्ट्या पाहिल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या. गो उर्वशी, यात विचारण्यासारखं काय आहे? मासेमारी बंद, बाप दिवसभर घरी, आई बाजारात. पट्टीवर मोठ्या माणसाचा हात आहे हे तूच लिहितेस. सरळ चिकटवायला हात शाबूत, पण डोकं ठिकाणावर नाही. असा माणूस कशाने होतो?

तुला या गावात येऊन वर्षच झालं, म्हणून सांगते. माझ्या बहिणीचा मुलगा रोनी गेल्या फेब्रुवारीत पहाटेच्या अंधारात आपली होडी घेऊन येत होता. मिंगेलची मोठी बोट डाव्या अंगाने आली आणि होडीवर चढली. मिंगेल आमच्या नात्यातला, पण त्याच्या बोटीचा तांडेल सहदेव. सुकाणू त्याच्या हातात. रोनीचा पाय दोन जागी मोडला. आज माझ्या घरी राहून तो इथल्या दवाखान्यात पायाचे व्यायाम करतो आणि जिना चढताना दात खातो.

निवाड्यासाठी सगळे रोनीच्या खाटेभोवती बसले तेव्हा सहदेव काय म्हणाला ठाऊक आहे? "माका हिरवो दिवो दिसलो." बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. अंधारात बोट दिसत नाही, दिवा दिसतो, आणि त्यावरून ती कुठे चाललीय ते कळतं. रोनीची डावी बाजू त्याच्याकडे होती. लाल दिवा पेटलेला होता, सहदेवच्या मागून येणाऱ्या बोटीवरच्या दोघांनी पाहिला होता. आणि हा सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून सांगतो, हिरवा! पिऊन होतो म्हण, चुकलं म्हण. माणूस माफ तरी करील. पण खोटं?

तू आता असं कर. वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या दे. मुलीला एकटीला विचार. आणि एखाद्या दुपारी न सांगता घरी जा. नाक उघडं ठेव.

तुझी,
पिएदाद बाई


मालवण
२१ जुलै

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं, आणि आता माझा गोंधळ वाढला आहे.

आठवड्याची वाट न बघता दिवसाआड पट्ट्या दिल्या. आधी पिवळ्या-निळ्याची दिली. ती अगदी बरोबर आली. मग मुद्दाम अवघड दिली, दोन पिवळे, एक निळा. तीही बरोबर! मला वाटलं, घरी काहीतरी सुधारलं. पुढची पुन्हा लाल-हिरव्याची दिली. परत तेच, पेरणी करताना मूठ सांडावी तसे तुकडे. दारू काय रंग बघून चढते?

रियाला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "ही कोणी केली गो?"

"मियाच केलंय."

"मग इथे बरोबर करतेस, घरी का चुकतेस?"

ती खाली बघून फ्रॉकचं बटण फिरवत राहिली. मी पुन्हा विचारलं तर ओठ घट्ट मिटले. बाई, पाच वर्षांच्या मुलीचं असं गप्प बसणं मला आवडलं नाही. कोणीतरी शिकवून ठेवल्यासारखं ते गप्प बसणं होतं.

शनिवारी दुपारी घरी गेले. सहदेव पडवीत बसून जाळ्याची भोकं सांधत होता. डोळे स्वच्छ, बोलणं नीट. वास आला तो डिझेलचा आणि खाऱ्या दोरांचा. त्याने मला पाट दिला, रियाला पाणी आणायला पाठवलं. पट्टीचा विषय काढताच तो खूष झाला. म्हणाला, "आमी दोघां करतो, बाईनू. मी तुकडे लावतंय, ता खळ लावता." सांगताना चेहऱ्यावर काही लपवल्याचं नव्हतं.

तेवढ्यात सीता आतून आली. आज लवकर परतली होती. माझ्या हातात पट्टी बघून तिने ती जवळजवळ ओढूनच घेतली. "पोरांच्या खेळात एवढा काय बघूचा?" म्हणाली, आणि पट्टी घडी करून कमरेला खोचली. रिया पाणी घेऊन आली ती माझ्याकडे न बघता आधी आईकडे बघत होती.

मला निघताना वाटलं, त्या घरात काहीतरी आहे. पण ते सहदेवकडे नाही, सीताकडे आहे. ती काय लपवते?

आपली,
उर्वशी


कुडाळ
२६ जुलै

प्रिय उर्वशी,

नवऱ्याची दारू बायको लपवते. आणखी काय लपवणार? मी या किनाऱ्यावर शिकवत आयुष्य काढलं. स्वच्छ डोळ्यांचे दारुडे मी पाहिलेत. दुपारी नसेल प्यायला, संध्याकाळी पीत असेल. पिवळ्या-निळ्याच्या दिवशी शुद्धीत होता, लाल-हिरव्याच्या दिवशी नव्हता. हा योगायोग तू उगाच मोठा करतेस.

तुला कदाचित ठाऊक नसेल. फेब्रुवारीनंतर मिंगेलने सहदेवला सुकाणूवरून उतरवलं होतं. आता नारळी पौर्णिमेला बोटी बाहेर निघतील, आणि मिंगेल त्याला परत तांडेल करायच्या विचारात आहे. म्हणे त्याच्यासारखा माशांचा माग कोणाला लागत नाही. रोनीच्या पायाला लागला तो माग कोणी बघायचा?

कालच रोनीने ताटावरून उठून विचारलं, "परत तोच काय गो, मावशी?" मी त्याचं ताट उचललं.

पट्ट्या माझ्याजवळ राहू देत. आणखी आल्या तर पाठव.

तुझी,
पिएदाद बाई


मालवण
५ ऑगस्ट

पिएदाद बाई,

माझी पत्रं तुम्ही कोणाला दाखवलीत?

मी हे रागाने विचारते आहे, आणि राग लपवत नाही. काल मिंगेलकाकांनी सहदेवला सांगितलं, "बालवाडीच्या बाई सांगतत, पोराक मांडीयेर घेवन पितंस. तुका बोट गावची नाय." माझ्या नावावर त्याला बोट नाकारली, आणि मी असं कोणाला म्हटलेलंच नाही. मी फक्त तुम्हाला लिहिलं, आणि लिहिलं ते वेगळंच होतं.

आज सकाळी बालवाडीत पालकांचा दिवस होता. आया, आज्या, दोन-चार बाप जमिनीवर मुलांशेजारी बसून कापत-चिकटवत होते. सहदेव दारात आला. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

"बाईनू, माझ्या तोंडाचो वास घेवा. मगे मिंगेलाक जावन सांगा."

सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या. मी म्हटलं, "सहदेव, तुम्ही पण बसा. रियाबरोबर पट्टी करा." तो बसला. मी त्यांच्यासमोर लाल-हिरव्याचे तुकडे ठेवले. मुद्दामच ठेवले, खोटं कशाला सांगू.

पट्टी बरोबर जमत होती. लाल, हिरवा, लाल, हिरवा. मला स्वतःची लाज वाटायला लागली. आणि मग मला रियाचं बोट दिसलं. बाप तुकडा उचलायला हात पुढे करी, त्याआधी ती हवा तो तुकडा बोटाने हळूच त्याच्या हाताखाली सरकवत होती. त्याच्या तोंडाकडे न बघता. इतकी सवयीने, की त्यालाही कळत नव्हतं.

मी म्हटलं, "रिया, जरा खळीची वाटी आण गो." ती उठेना. मी पुन्हा सांगितलं. ती गेली, मागे वळून बघत गेली. सहदेवने पुढचा तुकडा लावला. लालच्या शेजारी लाल. मग हिरवा. मग परत हिरवा. बोटं सरळ, हात स्थिर, आणि पट्टी सगळी उधळलेली.

मी त्याच्याजवळ बसले आणि दोन तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले. "हे दोन वेगळे दिसतात का तुम्हाला?"

त्याने तळहात उजेडाकडे नेला. मग हळू म्हणाला, "ह्येंच्यात फरक आसा काय?"

मग तोच म्हणाला, "बाईनू, पोरांक भायर सोडा." बाकीचे गेल्यावर बोलला. लहानपणी शाळेत रंगांची नावं चुकली की मार बसायचा. त्याला वाटायचं, आपल्याला नावंच पाठ होत नाहीत. दिवे तो उजेडावरून ओळखतो. "लाल वायच काळपट, हिरवो वायच उजळ. उघडीप आसली तर चुकणंय नाय. त्या पाहटेक धुक्या होता. मी खोटा बोलाक नाय, बाईनू. माका हिरवोच दिसलो."

बाई, हे वाक्य तुम्हीच मला लिहिलं होतंत. तुम्ही ते खोटं म्हणून लिहिलं होतंत.

पुढचं ऐका. मी म्हटलं, आपण हे मिंगेलकाकांना सांगू, तुमच्यावरचा आळ जाईल. तर तो घाबरला. हात जोडले. "मी पिवक नव्हतंय, इतक्याच सांगा. दुसरा काय सांगा नको. ह्यां कळला तर जल्मात माका सुकाणू गावाचा नाय."

आता मी काय करू? तो पीत नाही हे खरं आहे. पण एवढंच खरं मी बोलले तर उद्या त्याच्या हातात बोट जाईल, आणि पुन्हा कधीतरी पहाटे धुकं पडेल. आणि गप्प बसले तर एक न पिणारा माणूस माझ्या नावावर दारुडा ठरतो. ज्याचा पाय मोडला तो तुमच्या घरात आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. दुसरं कोणी नाही.

उर्वशी


मालवण
१० ऑगस्ट

पिएदाद बाई,

तुमचं पत्र आलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं.

काल पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला. मिंगेलकाकांनी तात्पुरता एक म्हातारा तांडेल आणलाय. सहदेव पाण्यापासून लांब, उपड्या होडीला टेकून उभा होता. रिया त्याच्या खांद्यावर. कोणी त्याला हाक मारली नाही.

मिंगेलकाका माझ्याकडे आले. "बाई, एकच सांगा, तो पिता काय नाय?" मी म्हटलं, थोडे दिवस द्या. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी चोरलंय. सीता आता रियाला दारात सोडून माझ्याशी न बोलता जाते.

तुम्ही काय ठरवताय ते मला कळत नाही. तुमच्या गप्प बसण्याचीही आता मला भीती वाटते.

उर्वशी


कुडाळ
१४ ऑगस्ट

प्रिय उर्वशी,

मिंगेल इंजिनाचं सामान न्यायला कुडाळला आला होता. मी त्याला पट्ट्या दाखवल्या, आणि तुझ्या पत्रातलं मला हवं तेवढं वाचून दाखवलं. मांडीवर घेऊन वगैरे त्याने स्वतःचं घातलं असेल, पण वाट मीच दाखवली. तू रागावलीस ते बरोबर आहे.

तुझं पाच तारखेचं पत्र मिळालं. खरं सांगू, आधी मला विश्वास बसला नाही. वाटलं, त्याने आता तुलाही गुंडाळलं. बायकोने मुलीला शिकवलं, बापाने सोंग केलं. मी चार दिवस हेच धरून बसले. मग पट्ट्या घेऊन पुन्हा बसले. सोंग करायचं तर ते जुलैमध्ये कोणासाठी? तेव्हा तर बघणारं कोणीच नव्हतं. फक्त एक बाप पोरीबरोबर खेळत होता.

पत्र रोनीला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "त्या दिसा मी आडवो पडान आयकत होतंय. तो हिरवो म्हणालो तेवा माका वाटला, माझ्यार हसता." आणि काठी घेऊन बाहेर गेला. जेवायच्या वेळेपर्यंत आला नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. अर्धं सांगू नकोस. मिंगेलला काहीच सांगू नकोस. ते सहदेवनेच सांगायला हवं. पण आधी ते नक्की काय आहे हे त्यालाही कळू दे. इथे डोळ्यांचे डॉक्टर आहेत. बुधवारी त्याला कुडाळला पाठव, मी बसस्टॉपवर येते. तो यायला तयार नसेल तर सांग की रोनीच्या मावशीने बोलावलंय. त्याला नाही म्हणता येणार नाही.

तुझी,
पिएदाद बाई


कुडाळ
२१ ऑगस्ट

प्रिय उर्वशी,

काल सहदेव आला होता. बसमधून उतरून माझ्यासमोर उभा राहिला तर मान वर करीना. मी म्हटलं, "चल." वाटेत दोघंही बोललो नाही. मला ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे त्याची सोय झाली.

डॉक्टरांनी त्याच्यापुढे एक पुस्तक ठेवलं. पानोपानी रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांत लपलेले आकडे. पहिला आकडा त्याने झटकन सांगितला. पुढच्या पानावर थांबला. त्याच्या पुढच्यावरही. "ठिपके आसत," एवढंच म्हणाला. मला खुर्चीवरून तो आकडा ढळढळीत दिसत होता! उर्वशी, मला वाटलं होतं की मी तिथे त्याला पकडायला बसले आहे. तिसऱ्या पानाला मी मनातून आकडा त्याच्याकडे ढकलत होते.

जन्मतःच आहे. औषध नाही, चष्मा नाही. नजर बाकी उत्तम. डॉक्टरांनी मला ओरडून दोनदा समजावलं, त्यामुळे बाहेर बसलेल्या सगळ्यांना कळलं.

बुधवार म्हणजे बाजाराचा दिवस. परतताना गर्दीतून चाललो होतो. एका बाईने मिरच्यांचा ढीग घातला होता, हिरव्या आणि पिकून लाल झालेल्या एकत्र. सहदेव तिथे थांबला तो हलेना. मला वाटलं, घरी न्यायच्या आहेत. मी पिशवी पुढे केली.

तो माझ्या कानाशी येऊन बोलला, "बाईनू, सीता माका बाजारातून मिरच्यो हाडूक कधी सांगणा नाय. टोमॅटो नाय, रियाचे कपडे नाय. लगीन झाल्यापासून." त्याने एक मिरची उचलून परत ठेवली. "म्हणजे तिका म्हायत होता."

फेब्रुवारीत सगळा गाव त्याला दारुडा म्हणत होता, तेव्हा सीता तिथेच उभी होती. मी तिला पाहिलं होतं. एक शब्द बोलली नाही. तुझा संशय बरोबर होता, पण लपवत होती ते हे. का लपवलं, ते मला कळत नाही. मला ती बाई आता आवडेनाशी झाली आहे. तू भेटलीस तर बघ.

तुझी,
पिएदाद बाई


मालवण
३ सप्टेंबर

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

सहदेवने मिंगेलकाकांना सांगितलं. गणपतीच्या आधी, बोटीवर, सगळ्या खलाशांसमोर. मला नंतर कळलं. काही जण हसले. एकाने डोक्यावरचा टॉवेल काढून नाचवला, "सांग, ह्यो खंयचो रंग?" मिंगेलकाकांनी त्या माणसाला गप्प केलं, पण सुकाणू दिलं नाही. सहदेव आता जाळ्यावर असतो. माशांचा माग तोच सांगतो, बोट म्हातारा नेतो.

हे सगळं चांगलं झालं असं लिहिणार होते. मग सीता आली.

मुलं गेल्यावर रियाला न्यायला आली ती आत येऊन बाकावर बसली. टोपली दारात ठेवली. मी विचारलं नव्हतं तरी बोलली.

"माका पयल्या वर्षीच कळला. माका लाल साडी हाडल्यान म्हणान सांगल्यान, आणि साडी हिरवी. मी काय बोलूक नाय. नेसलंय." मग म्हणाली, "चेडवाक मियाच सांगलंय, पप्पाक चुकला म्हणा नको. लोकांसमोर आसलो तर वायच हात लाव."

मी म्हटलं, "पण त्याला सगळे दारुडा म्हणत होते, सीता. तू सांगितलं असतंस तर..."

"दारू सुटता, बाईनू. ह्यां सुटना नाय." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "दारुड्याक आज ना उद्या परत बोट गावता. तुमीच सांगा, ह्येका आता कोण देतलो?"

मी म्हटलं, "आणि पुन्हा कोणाला लागलं असतं तर?"

तिने मान फिरवली. "ताच," म्हणाली. "ताच तर रोज पाहटेक माका जागवी." आणि रियाचा हात धरून निघून गेली.

तुम्ही लिहिलंत की ती तुम्हाला आवडेनाशी झाली. मलाही ती आवडावी असं काही तिने केलं नाही. पण त्या बाकावर मी तिच्या जागी बसले असते तर काय केलं असतं, हे मी अजून स्वतःला सांगू शकलेले नाही. सहदेव तिच्याशी बोलत नाही. रंगाचं त्याला काही वाटत नाही म्हणे. आपल्याला दारुडा म्हणू दिलं, ते त्याच्या घशाखाली उतरत नाही. बाप घरी पट्टी करायला बसत नाही, म्हणून रिया आता सगळ्या पट्ट्या वर्गातच करते. कोणी हात लावायला आलं तर पट्टी उचलून दुसरीकडे जाऊन बसते.

आणि काल रोनी आला. तुम्हाला न सांगता आला असावा, म्हणून लिहिते. बसमधून उतरून काठी टेकत थेट वाळूत आला. मी मुलांना शिंपले गोळा करायला नेलं होतं, म्हणून मला दिसलं. सहदेव जाळं झाडत होता. रोनी त्याच्यासमोर वाळूत बसला. मोडका पाय लांब करून. सहदेवने जाळं खाली ठेवलं.

दोघंही समुद्राकडे तोंड करून बोलू लागले. वाऱ्यावर तुटक शब्द येत होते. दिवा, धुकं, सुकाणू. सहदेव हातांनी बोट कशी आली ते दाखवत होता, रोनी मान हलवत होता, एकदा मोठ्याने "नाय, तशी नाय" म्हणाला आणि स्वतःच्या हातांनी दाखवू लागला. मला वाटलं, आता भांडतील. मुलांना घेऊन मी जरा जवळ सरकले.

तेव्हा रोनी म्हणाला, "तू खोटा बोलूक नाय, तां माका कळला. पण पाय माझोच मोडलो."

"होय," सहदेव म्हणाला.

दुसरं काही नाही. तो माफी मागेल असं मला वाटलं होतं. रोनीलाही बहुतेक वाटलं असावं, कारण तो थांबला होता. मग ऊन चढलं. रोनीने काठी वाळूत रोवली आणि उठायला लागला, पण काठी रुतली आणि तो परत बसला. पुन्हा प्रयत्न केला. सहदेव उभा राहिला होता, दोन्ही हात अर्धवट पुढे, लावावा की नको या विचारात.

रोनीने वर बघितलं. "बघतंस काय?" म्हणाला. "उठय माका."

आपली,
उर्वशी